जावेच्या गच्चीवरचा अँटेना

मुलगी जर्मनीला गेली त्याच वर्षी माझ्या धाकट्या जावेच्या घरी वायफाय आलं. आमच्या घरी आलं नाही.

वसईजवळच्या गिरीज गावातली आमची वाडी रुंदीला कमी आणि लांबीला जास्त आहे. रस्त्याच्या तोंडाशी दिरांचं दोन मजली घर. त्यामागे त्यांची केळी, मध्ये सामाईक विहीर, विहिरीच्या अलीकडे आमच्या वाट्याचे नारळ आणि भाजीचे वाफे, आणि पार शेवटाला आमचं बैठं घर. वाटणीच्या वेळी मागची बाजू मीच मागून घेतली होती. दिवसभर शाळेत मुलांचा कलकलाट ऐकून आल्यावर मला रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज नको वाटायचा. इंटरनेटची तार पुढे विजेच्या खांबांवरून येणार आहे आणि शेवटच्या खांबापाशी, म्हणजे नेमकी दिरांच्या भिंतीशी येऊन थांबणार आहे, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मोबाइलचं नेटवर्क आमच्या घरात नावालाच. स्वयंपाकघरात एक काडी, कपडे धुवायच्या दगडाजवळ दोन. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटायचा, तोंड उघडं ते उघडंच राहायचं आणि आवाज मागून यायचा, "आई... ऐकू येतंय... आई?" मी "बोल, बोल" करत फोन उंच धरून अंगणभर फिरायचे. कॉल तुटायचा. पुन्हा लागायचा. पुन्हा तुटायचा. शेवटी ती लिहून पाठवायची, "जाऊ दे, उद्या बोलू."

म्हणून मग संध्याकाळी ऊन उतरलं की मी साडी नीट करून, केस बांधून, वाडीतून चालत जावेकडे जायला लागले. तिकडे तेव्हा दुपार असायची, मुलीची जेवणाची सुट्टी. स्वतःच्या मुलीशी बोलायला दुसऱ्याच्या घरी जायचं म्हणजे कसं असतं, ते सांगून कळत नाही. चपला बाहेर काढायच्या. दीर टीव्ही बघत असतील तर त्यांनी आवाज कमी करायचा. "बसा ना ताई, पंखा लावते," असं जावेनं म्हणायचं, आणि मी पाहुणीसारखं सोफ्याच्या कडेवर टेकायचं.

पहिल्या दिवशी मी पासवर्ड विचारला, तर तिनं माझ्या मुलीचं घरातलं लाडाचं नाव सांगितलं, आणि पुढे एक-दोन-तीन.

"हेच का ठेवलंस?" मी विचारलं.

"तेच आठवतं ओ मला," ती हसत म्हणाली. तिला स्वतःचे दोन मुलगे आहेत. दोघंही विरारला फ्लॅट घेऊन राहतात. त्यांची नावं तिला आठवत नव्हती असं थोडंच आहे? मी एकेक अक्षर दाबत गेले आणि प्रत्येक अक्षराला काहीतरी टोचत गेलं. ते नाव मी ठेवलेलं होतं.

कॉल लागायचा. तिच्या घरात तो तुटत नसे. मुलीचा चेहरा असा स्वच्छ यायचा की गालावरची पुटकुळीसुद्धा दिसावी. आमचं बोलणं सुरू व्हायचं. जेवलीस का, थंडी किती आहे, लोकरीचं घालतेस का. तेवढ्यात जाऊ पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून यायची आणि सोफ्याच्या मागे उभी राहायची. माझ्या खांद्यावरून तिचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात उगवायचा, आणि त्या क्षणी माझी मुलगी बदलायची. डोळे मोठे व्हायचे, आवाज वर जायचा. "काकी!" म्हणून ती अशी ओरडायची, की तिच्या शेजारी जेवायला बसलेला कोणी गोरा माणूस दचकत असेल.

मग त्या दोघी त्यांच्या बोलीत सुरू व्हायच्या.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मी साताऱ्याकडची. नोकरीच्या निमित्तानं वसईत आले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि इथल्याच घरात लग्न होऊन आले. जाऊ माझ्यानंतर काही वर्षांनी आली, ती खाडीकाठच्या शेतकरी घरातली. तिच्या माहेरी पाण्याला पानी म्हणतात, कोणाला कोन. मुलगी झाल्यावर मी रजा संपवून शाळेत रुजू झाले, आणि सकाळी निघताना तिला जावेच्या मांडीवर देऊन जायला लागले. तिला पहिला भात जावेनं भरवला. ती चालायला शिकली ती जावेच्या केळींमधून, आणि बोलायला लागली तीही जावेच्या बोलीत. संध्याकाळी मी घरी आणून तिला बसवायचे. "पानी नाही, पाणी. म्हण, ण." ती माझ्यापुढे शहाण्यासारखी "पाणी" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी वाडी ओलांडली की सगळं विसरून जायची. मोठी झाल्यावर तिनं दोन्ही नीट सांभाळलं. पण जर्मनीहून बोलतानासुद्धा माझ्याशी ती ण जपून बोलायची, मुलाखतीला बसल्यासारखी. काकीशी बोलताना मात्र पाय पसरून बसल्यासारखं बोलायची.

माझ्या हातात फोन असायचा आणि त्या दोघी माझ्या डोक्यावरून बोलत असायच्या. कोणाच्या म्हशीनं कोणाचं काय खाल्लं, खाडीवरच्या कुठल्या मावशीचं कोणाशी भांडण झालं. मुलगी हसून हसून डोळे पुसायची. मला सगळं कळायचं. इतकी वर्षं इथे काढल्यावर कळणारच. पण त्या बोलीत मला विनोद करता येत नव्हता. मी केला असता तर तो परीक्षेतल्या उत्तरासारखा झाला असता.

एकदा असंच बोलणं चाललं होतं. जावेनं मागून वाकून विचारलं, "टाके सुकले का गं? ओले नाय ना करत?"

मी मान वळवली. "कसले टाके?"

जावेनं जीभ चावली. पडद्यावर मुलीचा चेहरा थिजला. मला वाटलं नेटवर्क गेलं. पण तिची पापणी लवली.

"अगं आई, काही नाही, अपेंडिक्स होतं. दुर्बिणीनं केलं. दोन दिवसांत घरी सोडलं त्यांनी. आता मी ठणठणीत आहे, बघ." आणि तिनं उभं राहून दाखवलं.

"तुझं ऑपरेशन झालं?"

"आई, तुलाच आधी लावला होता मी. खरंच. हॉस्पिटलमधून. तुझा लागतच नव्हता. मग काकीला लावला."

"आणि काकीनं मला सांगितलं नाही."

"मीच नको म्हटलं. तू घाबरली असतीस, आणि नीट बोलताही आलं नसतं आपल्याला, तुटत तुटत. काकीवर चिडू नकोस हं."

जाऊ सोफ्यामागून पुढे आली आणि माझ्या पायांशी जमिनीवर बसली. "ताई, मला दोन घास गेले नाय त्या दिवसांत. पन पोरीनं शपथ घातलेली."

तिचे डोळे भरले होते. माझे कोरडे होते. मी मुलीला औषधं विचारली, जड उचलू नकोस म्हणाले, फोन ठेवला आणि चपला घातल्या. केळींमधून परत येताना मला आठवलं, की त्या आठवड्यात जाऊ खरंच उपाशीसारखी दिसत होती. मी तिला विचारलंसुद्धा होतं, तब्येत बरी नाही का. तेव्हा ती माझ्या मुलीची काळजी करत होती, आणि मी शेजारी बसून निवांतपणे शेवग्याच्या शेंगा सोलत होते.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "कळलं असतं तर तुला झोप लागली नसती."

"तुमच्या भावजयीलाही लागली नाही म्हणे."

"मग झालं की. एकीची तरी वाचली."

त्याला हे कळणारं नव्हतं. ती झोप न लागण्याचा हक्क माझा होता. तो तिनं घेतला होता. मुलीचं कारण मात्र माझ्या कानात बसलं होतं: तुझा लागतच नव्हता. ठीक आहे. हे कारण मी तिच्याकडे राहू देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी वसई स्टेशनजवळच्या दुकानातून एक राउटर आणला. दुकानदारानं सहा शिंगांचा काळा डबा दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, याला रेंज एकदम जबरदस्त." मी विज्ञानाची शिक्षिका, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात विज्ञान नव्हतं, जाऊ होती. तिच्या राउटरला दोनच शिंगं होती. घरी येऊन मी तो कपाटावर ठेवला आणि चालू केला. फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरल्या. मी मुलीला कॉल लावला. काहीच नाही. घरातल्या घरात सिग्नल अगदी जोरदार होता, पण त्यात इंटरनेटच नव्हतं, ते येणार कुठून? नळ नवे बसवले होते आणि टाकीत पाणी नव्हतं. नवरा हसला नाही, हे त्याचे उपकार.

मग इंटरनेटवाल्याला बोलावलं. तो विहिरीपर्यंत चालत आला आणि मान हलवून परत गेला. आत खांब नाही, नारळांवरून तार ओढली तर वाऱ्यात तुटेल, जमिनीतून नेली तर घुशी कुरतडतील, असं त्याचं म्हणणं. मग मी विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत एक छोटा डबा लावून पाहिला, जो जावेकडचा सिग्नल पकडून पुढे फेकतो. तो थोडा चालला. पण पंप सुरू झाला की विजेचा दाब उतरायचा आणि डबा मान टाकायचा. शिवाय फोनवर दिसणारं नेटवर्कचं नाव जावेच्याच घराचं, पासवर्ड तोच. आपल्या घरात बसूनही मी तिच्याच सोफ्याच्या कडेवर होते. चार दिवसांत मी तो काढून ठेवला.

उपाय सापडला वटारला. तिथे नवऱ्याच्या मामेभावाकडे एका साखरपुड्याला गेलो होतो. त्यांची चिकूची वाडी मोठी, आणि पार टोकाला चोरांसाठी कॅमेरा लावलेला. त्याचं चित्र घरातल्या टीव्हीवर दिसत होतं. मी विचारलं, तार कुठून नेलीत? ते म्हणाले, तार नाहीच. घरावर एक अँटेना आणि टोकाच्या खांबावर दुसरा, दोघांची तोंडं समोरासमोर. मला बाहेर नेऊन त्यांनी दाखवलं. पांढरा, हातभर लांबीचा, चपटा डबा.

"साधा राउटर चहूकडे ओरडतो," ते म्हणाले. "हा एकाच दिशेला बोलतो, म्हणून लांब पोचतो. फक्त मध्ये आडवं काही नको. पानं तर अजिबात नकोत. ओल्या पानात सगळं जिरतं."

साखरपुड्याचं जेवण मी कसं जेवले ते आठवत नाही. परत येताना रिक्षात नवऱ्याला सगळं समजावलं. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे एक अँटेना आपल्याकडे. आणि दुसरा?"

दुसरा अर्थातच तार जिथे येते तिथे. जावेच्या गच्चीवर.

तिच्याकडे मागायला जायला मला बरेच दिवस लागले. मी मनात वाक्यं जुळवत होते. कनेक्शन माझ्या नावावर वेगळं घेणार, वीज लागते ती अगदी थोडी, भिंतीला भोक पाडावं लागणार नाही. तिनं थोडे आढेवेढे घ्यावेत अशी माझी फार इच्छा होती. तिनं "यांना विचारून सांगते" म्हटलं असतं, कपाळाला एक आठी जरी पाडली असती, तरी मला तिच्यावर रागावायला जागा मिळाली असती.

ती म्हणाली, "मग एवढे दिवस का नाय बोललात? लावा ना. गच्ची काय माझ्या एकटीची हाय?" आणि चहा ठेवायला आत गेली.

दोन्ही अँटेना आले त्या रविवारी सगळी वाडी कामाला लागली. दीर त्यांच्या गच्चीवर, नवरा आमच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर लोखंडी पाइप धरून. मी खाली अंगणात फोनवर सिग्नलचा आकडा बघत होते. अडचण अशी, की अँटेना किती फिरवायचा हे दिरांना सांगायचं कसं? फोन लागत नव्हता, त्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं, आणि माझी हाक तिथवर पोचत नव्हती. तेव्हा जाऊ विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली.

"भाऊजींना सांग, डावीकडे!" मी ओरडले.

"ओ! डावीकडे म्हनतात ताई!" ती तिकडे वळून ओरडली.

"कुणाच्या डावीकडे?" गच्चीवरून आवाज आला.

"कुनाच्या डावीकडे विचारतात!"

"त्यांच्या! आणि थोडा खाली!"

"तुमच्याच डावीकडे! आनि मान खाली घाला त्याची! थोडीच! एवढी नाय ओ, चिमूटभर!"

चिमूटभर हे तिचं स्वतःचं. आणि नेमकं तेवढंच हवं होतं. आकडा चढला, अँटेनावरचे हिरवे दिवे एकापाठोपाठ एक लागले. तिनं विहिरीवर टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या घटकाभरात मी सगळं विसरले होते, हे खरं आहे.

पण संध्याकाळी वारा सुटला आणि दिवे विझायला लागले. विहिरीच्या पलीकडे उंचवट्यावर जावेच्या राजेळी केळीचं बेट होतं. अँटेना एकमेकांना दिसायचे ते त्याच्या शेंड्यावरून, आणि वाऱ्यात पानं हलली की मध्ये यायची. सकाळी दवानं ओली असली की काहीच चालत नसे. आमचा पाइप उंच केला तर न्हाणीघराचा स्लॅब तोलणार नाही, असं गवंडी म्हणाला. राजेळीला घड लागलेला होता, मोठा, पण अजून भरायचा होता. जाऊ दरवर्षी त्या केळ्यांची सुकेळी करते. सोलून, उन्हात वाळवून, मधासारखी तपकिरी झाली की केळीच्याच सोपटात बांधते. मुलगी जर्मनीला गेल्यापासून त्यातला एक पुडा तिकडे जायचा.

"घड उतरला की काढू बेट," दीर म्हणाले. मी "काही घाई नाही" म्हटलं. घरी येऊन मात्र नवऱ्याला म्हटलं, "बघा, मुलगी तिला सोडून दुसऱ्या कुणाशी बोलायला नको, म्हणून घडाचं निमित्त."

"हे भाऊ म्हणाला. ती कुठे म्हणाली?" नवरा म्हणाला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी भाजीला पाणी घालायला गेले, तर समोर आकाश एकदम मोकळं. बेट आडवं झालं होतं. कापलेल्या बुंध्यांतून पाणी झिरपत होतं आणि जाऊ कोयता बाजूला ठेवून कच्च्या घडाच्या फण्या सुट्या करत बसली होती.

"हे काय केलंस? भरला नव्हता अजून!"

"केळी काय परत येतात," ती म्हणाली. "तुमचे दिवे लागले का बघा."

दिवे लागले होते. मला तिचे आभार मानता आले नाहीत. आत कुठेतरी भडका उडाला होता. जे मी माझ्या बळावर मिळवायला निघाले होते, तेही शेवटी हिनंच दिलं. आता माझ्या घरात मुलीचा चेहरा स्वच्छ दिसणार तो हिच्या कृपेनं. तिनं निम्म्या फण्या माझ्या टोपलीत घातल्या. आमच्याकडे दोन दिवस कच्च्या केळ्यांची भाजी होती. नवरा मिटक्या मारत जेवला, मी वरण-भातावर भागवलं.

त्यानंतर मी संध्याकाळी वाडी ओलांडणं बंद केलं. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या ओट्याला टेकून, मुलगी माझ्याशी बोलायला लागली. एकदाही तुटत नसे. पहिले काही दिवस मी हवेत होते. मी तिला फोडणी दाखवली, वाफ्यातली मेथी दाखवली. मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पूर्वी निम्मा वेळ "ऐकू येतंय का" यात जायचा, आता तो मोकळा झाला होता, आणि त्यात घालायला माझ्याकडे काही नव्हतं. जेवलीस का. थंडी आहे का. ऑफिस ठीक. मग ती म्हणायची, "चल आई, ठेवू?" आणि थोड्या वेळानं, वारा तिकडून इकडे असला की, केळींपलीकडून जावेचं हसणं ऐकू यायचं. बेट गेल्यामुळे आता ते जास्तच स्पष्ट यायचं.

एकदा मुलगी मला म्हणाली, "काकीला विचार ना, यंदा सुकेळी पाठवणारे का? मी विचारलं तर म्हणते, केळ नीट धरली नाही."

माझ्या हातात लाटणं होतं. मी नुसतं "विचारते" म्हणू शकले असते. तव्यावरची पोळी करपली.

"केळ चांगली धरली होती," मी म्हटलं. "तिनं कापली. अँटेनाच्या मध्ये येत होती म्हणून. आत्ता तू मला दिसते आहेस ना, ते त्यामुळे."

चित्र स्वच्छ होतं, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते सगळं मला बघावं लागलं.

"काकीनं घडासकट कापली?"

"हो."

"आई, मी ठेवते. काकीला लावते जरा."

"लाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पोळ्या संपवल्या, ओटा पुसला. त्या संध्याकाळी वारा उलट होता, तिकडचं काही ऐकू आलं नाही. ते बरं झालं की वाईट, हे ठरवता येईना, म्हणून मी उगाचच अंगण झाडलं.

पण त्यानंतर मुलगी माझ्याशी जरा सैल बोलायला लागली. मी तो प्रसंग लपवला नाही, याचं तिला काही वाटलं असावं. एकदा बोलता बोलता तिच्या तोंडून माझ्यापुढे "पानी" निघून गेलं. ती थांबली, मी सुधारीन म्हणून तिनं वाट पाहिली. मी म्हटलं, "पुढे बोल." ती पुढे बोलली. फार काही नाही, घरमालकिणीची तक्रार होती. पण ती मला आधी कधी न सांगितलेली तक्रार होती.

मधल्या काळात जाऊच अधूनमधून आमच्याकडे यायला लागली. भाजी न्यायच्या निमित्तानं यायची, ओट्याशी उभी राहायची. "तुम्ही यायच्याच बंद झालात, ताई," असं एकदा म्हणाली. मी म्हटलं, "आता इथेच लागतो ना." "हो, ते बरंच झालं," ती म्हणाली, आणि भाजी न घेताच निघाली. मी मागून जाऊन मेथीची जुडी हातात दिली.

परवाची गोष्ट. दुपारीच फोन वाजला. मुलीची नेहमीची वेळ नव्हती, मी घाबरून उचलला. ती रस्त्यावर उभी होती, टोपी घातलेली, नाक लाल झालेलं.

"आई! गाडीचं लायसन्स मिळालं! आत्ता, या मिनिटाला! तुलाच पहिल्यांदा सांगतेय!"

"मला पहिल्यांदा?"

"हो गं! ठेवते, ऑफिसला उशीर होतोय!"

मी फोन ओट्यावर ठेवला. गॅस बंद केला. चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि निघाले. या वयात वाडीतून पळणं शोभत नाही, पण मी जवळजवळ पळतच होते. मनात एकच होतं, मुलीनं तिला फोन लावायच्या आत पोचायला हवं. विहिरीपाशी धाप लागली तरी थांबले नाही.

जाऊ पडवीत तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "लायसन्स मिळालं तिला. गाडीचं. आत्ताच सांगितलं मला."

"अरे वा!" ती म्हणाली. सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग तिनं बाजूला पडलेला आपला फोन उचलून बघितला. त्यावर काही नव्हतं. तो तिनं पुन्हा उपडा ठेवला. क्षणभर तिचा चेहरा उतरला, फार नाही, दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मला कळलं. इतकी वर्षं तो चेहरा मी आतून ओळखत होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. मग तोही ओसरला. मी तिच्या शेजारी पडवीत बसले आणि सूप पुढे ओढलं.

"तिला ऑफिसला उशीर होत होता," मी म्हटलं. "आता लावेलच तुला."

"लावेल की," ती म्हणाली.

आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो. ती मला तिच्या माहेरच्या एका मावशीचं काहीबाही सांगत होती, पण तिचं लक्ष फोनकडे होतं, आणि माझंही. मला खरोखर वाटत होतं की तो वाजावा. सूप निम्मं झालं तेव्हा वाजला. तिनं हात ओले असल्यासारखे पदराला पुसले, फोन उचलला आणि "बोल गं बाय माझी," म्हणत ती सरळ आत स्वयंपाकघरात गेली. दार तिनं लोटून घेतलं.

मी पडवीतच बसून राहिले. आतून त्या दोघींचं हसणं येत होतं, शब्द येत नव्हते. उरलेले तांदूळ मी एकटीनं निवडले.